इंग्रजी गाणी, भजनी मंडळ आणि एक खोटं

हिंजवडीहून सुटलेली आमची कंपनीची बस वाकडला पोचायला कधी वीस मिनिटं घेते, कधी सव्वा तास. पाऊस असेल तर विचारूच नका. या वेळात बसमधले लोक झोपतात, रील्स बघतात, बायकोशी हळू आवाजात भांडतात. मी हेडफोन लावतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. बस पुलाच्या अलीकडे थांबलेली, काचांवर वाफ, आणि माझी प्लेलिस्ट संपल्यावर ॲपनं आपल्या मनानं एक गाणं लावलं. पहिल्या काही सेकंदांतच मी ते ओळखलं आणि माझा हात थेट पुढचं गाणं लावायच्या बटणाकडे गेला. गाणं आवडत नव्हतं म्हणून नाही. गेली सात वर्षं हे गाणं लागलं की मला एक रविवार आठवतो, म्हणून. पण त्या दिवशी फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर होती, मी अर्धवट झोपेत होतो, आणि माझं बोट पोचायच्या आत गायला सुरुवातही झाली होती. मग ऐकलं. पूर्ण ऐकलं.

गाण्याचं नाव 'ओड टू अ ब्रिसलकोन पाइन'. बँडचं नाव ईझी वाँडरलिंग्स. गाणं इंग्रजी, बँड आपल्या पुण्याचा.

तुम्ही ऐकला नसेल तर थोडक्यात सांगतो. २०१५च्या आसपास पुण्यात जमलेला हा ग्रुप. गाणी लिहिणारा आणि गाणारा सान्यंत नारोथ, सोबत प्रतिका गोपीनाथचा आवाज, आणि त्यांच्याभोवती गिटार, पियानो, बासरी, व्हायोलिन, ड्रम्स वाजवणारी बरीच माणसं. फोक आणि पॉप यांच्या मधे कुठेतरी बसणारं संगीत. कुणी ओरडत नाही, कुणी घाईत नाही. २०१७ला त्यांचा पहिला अल्बम आला, 'ॲज रिटन इन द स्टार्स'. २०२०ला 'कॉट इन अ परेड' हा ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा संच. अधेमधे सुटी गाणी.

एवढं सांगून झाल्यावर लोक एकच प्रश्न विचारतात : "मग पुढे काय झालं त्यांचं?"

हा प्रश्न मीही विचारायचो. त्या प्रश्नातच काहीतरी गडबड आहे हे कळायला मला सात वर्षं लागली.

\*

मी तासगाव तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. २०१५च्या जुलैमध्ये इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक, आईनं दिलेला बेदाण्याचा डबा आणि घाबरलेलं इंग्रजी होतं. कर्वेनगरच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण राहायचो. त्यातला एक अमरावतीचा. त्याच्याकडे गिटार होती आणि एका सीनियरकडून मिळालेली ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. त्या हार्ड डिस्कमध्ये निम्मे सिनेमे, निम्मी गाणी.

त्यातच मला नोआ अँड द व्हेल सापडले. लंडनमधल्या ट्विकनहॅमचा बँड. २००८ला पहिला अल्बम आला आणि त्यातलं 'फाइव्ह इयर्स टाइम' हे गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहात जाऊन बसलं. उकुलेले, शिट्टी, टाळ्या. पाच वर्षांनी आपण कुठे असू याची गोड स्वप्नं बघणारं गाणं. त्या अल्बममध्ये लॉरा मार्लिंगचा आवाज आहे. बँडचा गायक चार्ली फिंक आणि ती प्रेमात होते. मग त्यांचं तुटलं, ती बाहेर पडली, आणि २००९ला फिंकनं त्या तुटण्यावरच आख्खा दुसरा अल्बम केला. २०११ला तिसरा, २०१३ला चौथा. २०१५च्या एप्रिलमध्ये बँड संपल्याची घोषणा झाली. म्हणजे मी त्यांना ऐकायला लागलो तेव्हा ते आधीच संपले होते, हे मला कळलं दुसऱ्या वर्षाला, जिओ आल्यावर. तोपर्यंत मी त्यांच्या पाचव्या अल्बमची वाट बघत होतो.

पण त्यांच्यामुळे माझ्या डोक्यात एक आलेख तयार झाला. बँड म्हणजे काय? चार मित्र भेटतात, गाणं करतात, गाणं गाजतं, भांडणं होतात, चांगले अल्बम होतात, मग संपतं. सुरुवात, शिखर, शेवट. करिअर म्हणजे हेच असं मला वाटायचं, आणि आपल्याला त्यातलं निदान शिखर तरी हवं होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्ही बँड केला. अमरावतीकर गाणार आणि गिटार वाजवणार. निगडीचा एक ड्रमर, ज्याच्या घरी मल्याळम बोलायचे. कॅम्पमधली एक मुलगी कीबोर्डवर, जिची आजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. आणि बास गिटारवर मी. बास का? कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून सेकंडहँड गिटार घेतली, सात हजाराला. आमच्या जिल्ह्यात मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात, देशभरचे गवई तिथं येतात. आणि मी पुण्यात येऊन चिनी बनावटीची बास घेतली. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भोपळा न्हाई होय तिला?"

"हे वाजवतोस म्हंजे नेमकं काय करतोस?" हेही त्यांनी विचारलं. मी खूप विचार करून सांगितलं, "पखवाजाच्या डाव्या तोंडाचं काम असतं ना, तेच. घुमारा द्यायचा. नसला तर गाणं पोकळ वाटतं, असला तर कुणाच्या लक्षात येत नाही."

ते समाधानानं म्हणाले, "मग अवघड काम हाय."

बाबा एसटीच्या तासगाव डेपोत मेकॅनिक होते आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. अजूनही वाजवतात.

\*

आम्ही इंग्रजीत गात होतो. का, हे तेव्हा कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं : चौघांची भाषा वेगळी, कॉमन भाषा इंग्रजी. हे खरंही होतं. पुण्यातल्या कुठल्याही जॅमरूममध्ये डोकावलं तर हेच दिसतं. एकाच खोलीत तीन-चार मातृभाषा, आणि गाणं इंग्रजीत.

पण माझ्यापुरतं खरं उत्तर वेगळं होतं. आमच्या एकमेव पूर्ण झालेल्या गाण्यात दुसरं कडवं मी लिहिलं होतं. त्याचा अर्थ साधारण असा, की मी ज्या घरातून आलो तिथं परत जायला मला आता भीती वाटते. हे वाक्य मी मराठीत लिहूच शकलो नसतो. मराठीत ते आईला कळलं असतं. इंग्रजी ही मला गाण्याची भाषा म्हणून आवडत होती, पण त्याहून जास्त ती मला लपायची जागा म्हणून आवडत होती.

गंमत बघा. २०१०मध्ये मम्फर्ड अँड सन्स आणि लॉरा मार्लिंग ही लंडनची फोकवाली मंडळी दिल्लीत आली आणि 'धरोहर प्रोजेक्ट' या नावाच्या राजस्थानी कलाकारांच्या चमूसोबत त्यांनी चार गाण्यांचा ईपी केला. त्यांना लोकसंगीत शोधायला इतक्या लांब यावंसं वाटलं. माझ्या घरात आठवड्याला दोनदा लोकसंगीत व्हायचं आणि मी त्यापासून लांब पळायला गिटार घेतली होती.

२०१७ला एका रात्री अमरावतीकरानं मला उठवलं. "हे ऐक." लॅपटॉपच्या फुटक्या स्पीकरवर बासरी ऐकू आली, मग इंग्रजी शब्द. मला वाटलं, इंग्लंड-अमेरिकेतलं कुणीतरी आहे, बासरी हौसेनं घातलीय. तो म्हणाला, "पुण्याचे आहेत बे."

मी तीनदा ऐकलं. मला आनंद झाला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर पोटात काहीतरी हललं. तोपर्यंत आपलं होत नाहीये याला माझ्याकडे एक छान कारण होतं : पुण्यात राहून असं संगीत होत नसतं. ते कारण त्या रात्री गेलं.

अल्बमच्या नावाचा अर्थ मी मनात केला : ताऱ्यांत लिहिल्याप्रमाणे. आमच्या आजीच्या मते नशीब ताऱ्यांत नसतं. ते पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. माझ्या पाचवीला ठेवलेला कागद सकाळी कोराच होता, हे आजी हसून सांगायची. कोरा आहे म्हणजे वाचता येत नाही एवढंच, असं तिचं म्हणणं.

\*

आता तो रविवार.

ऑगस्ट २०१८. फायनल इयर. बाणेरच्या एका कॅफेत आम्हाला पाऊण तासाचा स्लॉट मिळाला. पैसे नाहीत, पण कॉफी फुकट आणि पोस्टरवर नाव. आम्ही सहा हजार रुपये जमवून रेकॉर्ड केलेलं आमचं एकुलतं एक गाणं त्याच आठवड्यात ऑनलाइन टाकलं होतं. मी उत्साहाच्या भरात घरी फोनवर सांगून बसलो.

शनिवारी रात्री बाबांचा फोन आला. "उद्या सुट्टी हाय. येतो ऐकायला."

मी गप्प झालो. माझ्या डोळ्यांसमोर ते कॅफे आलं. उंच स्टुलं, पिवळे दिवे, दोनशे रुपयांची कॉफी, आणि त्यात पांढरी टोपी घातलेले माझे बाबा, मांडीवर पिशवी घेऊन. पुढच्या रांगेत बसून ते मान हलवणार. गाणं संपल्यावर मोठ्यानं "वा" म्हणणार, जशी भजनात दाद देतात. आणि मला विचारणार, दुसऱ्या कडव्याचा अर्थ काय.

मी म्हणालो, "बाबा, कार्यक्रम रद्द झाला."

"बरं," ते म्हणाले.

रविवारी दुपारी एक वाजता पुन्हा फोन. ते स्वारगेटला उतरले होते. "पास होताच. म्हटलं कार्यक्रम न्हाई तर न्हाई, तुला बघून येतो."

मी स्वारगेटच्या दिशेनं निघालो आणि रिक्षातून ग्रुपवर मेसेज टाकला : 'वडील अचानक आजारी. गावी निघालोय. सॉरी.' मग फोन बंद केला.

ती संध्याकाळ मी आणि बाबा सारसबागेत होतो. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेतलं, बाहेर भेळ खाल्ली. त्यांनी बेदाण्याचा डबा दिला. डेपोतल्या गप्पा सांगितल्या. साडेसातला, म्हणजे आमचा स्लॉट सुरू व्हायच्या वेळेला, ते बाकावर बसून बोटांनी मांडीवर ठेका धरून काहीतरी गुणगुणत होते. मी घड्याळ बघत होतो. रात्रीच्या गाडीनं ते परत गेले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "तुझं ते गाणं मोबाइलवर असंल तर लावून दे कधीतरी." मी हो म्हणालो. लावून दिलं नाही.

बँड बासशिवाय वाजला. पोकळ वाजला असणार.

मला कुणी काही बोललं नाही, उलट सगळ्यांनी काळजी केली. तेच सहन झालं नाही. मी हळूहळू प्रॅक्टिसला जाणं टाळलं. प्लेसमेंट आलं, ते एक सभ्य कारण मिळालं. शेवटी एका भांडणात मी म्हणालो, "इंग्रजी गाण्यांना इथं काय फ्युचर आहे? ईझी वाँडरलिंग्स एवढे चांगले आहेत, त्यांना तरी कोण ओळखतं?" अमरावतीकर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं गिटारची बॅग बंद केली. तेव्हा संपलं. बँड संपताना मी एका दुसऱ्या, चांगल्या बँडचं नाव पुढे केलं होतं, हे मला आजही टोचतं.

\*

नोकरी लागल्यावर मी एक वाईट सवय लावून घेतली. दर दोन-तीन महिन्यांनी ईझी वाँडरलिंग्सचे आकडे बघायचो. किती लोकांनी ऐकलं, किती फॉलोअर्स. आकडे वाढले की अस्वस्थ व्हायचो. नाही वाढले की बरं वाटायचं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं.

मी डेटा पाइपलाइनवर काम करतो, त्यामुळे या आकड्यांच्या मागचा हिशेब मला लवकर कळला. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९मध्ये आलं. आपण समजतो की आपण महिन्याला भरलेले पैसे आपण ऐकलेल्या कलाकाराला जातात. तसं नसतं. सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात. ॲप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेलं एकूण प्लेच्या प्रमाणात वाटलं जातं. समजा महिन्यात देशात शंभर कोटी वेळा गाणी वाजली आणि त्यात एका बँडची एक लाख वेळा, तर त्या बँडचा वाटा दहा हजारात एक. तुम्ही महिनाभर फक्त त्याच बँडला ऐकलं असलं तरी तुमचे बहुतेक पैसे दुसऱ्याच कुणाच्या सुपरहिट गाण्याला जातात. २०२४पासून आणखी एक नियम आला : ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत हजार प्ले मिळाले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. आमच्या गाण्याला सात वर्षांत मिळून ११४३ प्ले आहेत. त्यातले दोनशे तरी माझे.

म्हणजे या गणितात फोक-पॉप वाजवणाऱ्या, त्यातही भारतात इंग्रजीत गाणाऱ्या बँडनं पोट भरणं जवळजवळ अशक्य. पैसे येतात ते लाइव्ह कार्यक्रमांतून. पुण्याचं भाग्य असं, की २०१०ला एनएच७ वीकेंडर हा मोठा फेस्टिव्हल इथंच, कोरेगाव पार्कात सुरू झाला. १९५३पासून सवाई ऐकणाऱ्या या गावाला थंडीत गवतावर बसून गाणं ऐकायची सवय होतीच. आता मंडपात पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहिली एवढंच. पण फेस्टिव्हल वर्षातून एकदा. बाकीचे महिने शिकवण्या, जाहिरातींची जिंगल, किंवा नऊ ते सहा नोकरी. या वर्तुळातले मला माहीत असलेले बहुतेक जण असेच जगतात.

आणि मग २०२० आलं. 'कॉट इन अ परेड', म्हणजे मिरवणुकीत सापडलेले. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरात एकटाच हसलो. त्या वर्षी पुण्यात गणपतीची मिरवणूक निघाली नाही. आषाढीला पालख्या पायी गेल्या नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. बाबांनी त्या एसटीचा फोटो मला पाठवला होता, फुलांनी सजवलेला. त्यांना त्या दुःखातही अभिमान वाटत होता, की शेवटी कामाला आली ती आपली गाडी. अशा वर्षी, जेव्हा एकही स्टेज उघडं नव्हतं, या लोकांनी गाणी बाहेर काढली. ना टूर, ना फेस्टिव्हल. कशासाठी?

माझ्या आलेखात या प्रश्नाला जागा नव्हती.

\*

उत्तर मला सापडलं ते गावी. गेल्या आषाढी एकादशीला.

बसमध्ये ते गाणं ऐकलं त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी घरी गेलो होतो. रात्री देवळात भजन होतं. कितीतरी वर्षांनी मी पूर्ण बसलो. बाबा पखवाजाला कणीक लावत होते. डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापायचा, थाप मारून ऐकायचं, थोडी काढायची, पुन्हा ऐकायचं. भजन सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं त्यांचं हेच चाललं होतं.

पेटीवर शिंपीकाम करणारे काका. टाळ घेऊन एक निवृत्त कंडक्टर, दूध संघातले दोघं, द्राक्षबागेवर औषध मारून थेट आलेला एक पोरगा. मंडळ माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. त्यातले दोन मूळ गायक वारले, त्यांची मुलं आली. बिदागी काय? नारळ, चहा, कधी उपरणं. कुठे नाव नाही, आकडे नाहीत.

आणि मला एकदम जाणवलं की या मंडळाबद्दल "मग पुढे काय झालं त्यांचं?" हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. कुणीच विचारत नाही. पुढे काय व्हायचंय? एकादशी आली, ते जमले, गायले. पुढच्या एकादशीला पुन्हा जमतील. यालाच त्यांचं करिअर म्हणायचं असेल तर ते तीस-पस्तीस वर्षांचं आहे. नोआ अँड द व्हेलचं नऊ.

मी भजनी मंडळ आणि इंडी बँड एकच आहेत असं म्हणत नाही. मंडळाला देव आहे, गाव आहे, पंचांग आहे. कधी जमायचं ते पंचांग ठरवतं. शहरातल्या बँडला यातलं काहीच आयतं मिळत नाही. घरभाडं द्यायचं, स्टुडिओचे पैसे द्यायचे, आणि पुढच्या वेळी जमायचं कारण दर वेळी नव्यानं शोधायचं. म्हणून तर ते जास्त अवघड. आणि कलाकारांना पैसे मिळायला नकोत असंही मी म्हणत नाही. हौदाचा हिशेब अन्यायाचाच आहे. मी एवढंच म्हणतोय, की २०१७, मग २०२०, मग मधूनच एखादं गाणं, याला मी इतकी वर्षं 'रखडणं' समजत होतो. ते टिकणं होतं.

ब्रिसलकोन पाइनबद्दल मी बसमध्येच वाचलं होतं. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वाढणारी ही झाडं. त्यातल्या एकाचं वय चार हजार आठशेहून जास्त. माती जवळजवळ नाही, पाऊस कमी, वारा प्रचंड. त्यामुळे ती अतिशय सावकाश वाढतात, आणि सावकाश वाढल्यामुळे त्यांचं लाकूड इतकं घट्ट होतं की त्याला कीड लागत नाही. चांगल्या मातीतली याच जातीची झाडं भराभर वाढतात आणि लवकर मरतात.

\*

पुण्यात परत आल्यावर मी अमरावतीकराला फोन केला. तो आता खराडीत असतो, टेस्टिंगमध्ये. सात वर्षांत आम्ही वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे बोललो नव्हतो. पहिली दहा मिनिटं पगार, ट्रॅफिक, कुणाचं लग्न झालं. मग मी सांगून टाकलं. बाबा आजारी नव्हते. मी त्यांना कॅफेत आणायला लाजलो. त्यांच्याशी एक खोटं बोललो, तुमच्याशी दुसरं.

तो गप्प. मग म्हणाला, "पण मी काकांना फोन केला होता."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. तुझा फोन बंद होता ना. डिपॉझिटच्या फॉर्मवर त्यांचा नंबर होता. मी विचारलं, काका तब्येत कशी आहे. ते एक मिनिट थांबले. मग म्हणाले, बरं हाय आता. पोरगा होता जवळ."

मी गॅलरीत उभा होतो. खाली कुणीतरी बाइकला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आणि शेवटी म्हणाले," तो सांगत होता, "तुमच्या कार्यक्रमाचं नुकसान झालं माझ्यामुळं. मला वाईट वाटलं होतं यार. मी म्हटलं, काही नाही काका, पुढच्या वेळी या तुम्ही."

म्हणजे बाबांना त्या सकाळीच सगळं कळलं होतं. कार्यक्रम झाला होता, मी गेलो नव्हतो, आणि का गेलो नव्हतो हेही. पखवाज वाजवणाऱ्या माणसाला गाळलेली मात्रा कळते. सात वर्षांत त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. माझी चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली, आजारपणासकट, आणि माझ्या मित्राची माफीही मागितली.

मी त्यांना अजून काही बोललेलो नाही. कसं बोलायचं ते कळत नाही. मराठीत लपायला जागा नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या रात्री मी आमचं गाणं त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. सोबत दुसऱ्या कडव्याचा अर्थ, मराठीत, चार ओळींत. सकाळी उत्तर आलं. अर्थाबद्दल काही नाही. फक्त : 'डावं चांगलं वाजलंय. शेवटी जरा पळतंय.'

बरोबर होतं. शेवटी मी पळतोय त्यात.

परवाच्या शनिवारी कोथरूडच्या एका जॅमरूममध्ये आम्ही दोन तास घेतलेत. ड्रमर बंगळुरूला गेलाय, कीबोर्डवाली कॅनडात. दोघंच आहोत. अमरावतीकराकडे एक अर्धवट गाणं आहे, २०१९पासून पडलेलं. निम्मं इंग्रजीत आहे. उरलेलं कुठल्या भाषेत करायचं ते तिथं बसून ठरवू. पलंगाखालून बास काढली तर दोन तारा गंजलेल्या निघाल्या. नव्या आणल्या.

काल रात्री घरी फोन केला. म्हणालो, बाबा, शनिवारी आमची प्रॅक्टिस आहे. कार्यक्रम वगैरे नाही, नुसतीच प्रॅक्टिस. यायचं असेल तर या.

ते जरा थांबले. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.